शहराचे आकाश अजून गेलेले नाही

दर महिन्याच्या संकष्टी चतुर्थीला महाराष्ट्रातील लक्षावधी घरांत एक खगोलशास्त्रीय निरीक्षण होत असते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत चंद्रोदयाची वेळ पाहिली जाते. मुंबईची वेळ वेगळी, नागपूरची वेगळी. पाने वाढावयाची थांबतात आणि घरातील एखादे मूल गच्चीवर जाऊन चंद्र उगवला की नाही याची खबर आणते. नागपूरला चंद्र मुंबईपेक्षा सुमारे पंचवीस मिनिटे आधी का दिसतो, किंवा दुसऱ्या दिवशी तोच चंद्र आणखी पाऊणएक तास उशिरा का येतो, हे प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. उपास सुटतो, गॅलरीचे दार लागते आणि आकाशाशी जडलेला संबंध पुढच्या चतुर्थीपर्यंत स्थगित होतो.

हा संबंध महिन्यातून एका रात्रीपुरता का उरला, असे विचारले तर शहरवासीयाचे उत्तर ठरलेले असते. शहरात आकाश राहिलेच कोठे? तारे पाहावयाचे तर गावी जावे, एखाद्या किल्ल्यावर मुक्काम करावा. मुंबई-पुण्याच्या गच्चीवर काय दिसणार? या उत्तरात तथ्य आहे. परंतु ते अर्धेच तथ्य आहे, आणि उरलेल्या अर्ध्याकडे दुर्लक्ष झाल्यामुळे एक मोठे नुकसान होत आहे. ज्याला शाळकरी वयात तारे ओळखण्याचा छंद लागला असता, असा मुलगा किंवा मुलगी शहरात आकाश नाही हे वाक्य ऐकूनच मान खाली घालते, आणि ती मान पुढे आयुष्यभर वर होत नाही.

प्रथम तक्रारीतील खरा भाग मान्य केला पाहिजे. निर्मळ, काळोख्या आकाशात साध्या डोळ्यांना सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. संपूर्ण खगोलावर अशा ताऱ्यांची संख्या सुमारे पाच हजार आहे. त्यांपैकी निम्मे एका वेळी क्षितिजाच्या वर असतात. मोठ्या शहराच्या मध्यभागी ही मर्यादा तिसऱ्या प्रतीच्या आसपास येऊन थांबते. तिसऱ्या प्रतीहून तेजस्वी तारे सगळ्या आकाशात मिळून दोनशेच्या आत भरतात. म्हणजे गावाकडे दोन-अडीच हजार तारे पाहणारा माणूस शहरात आला की त्याच्या वाट्याला शंभरही उरत नाहीत. अमेरिकन हौशी निरीक्षक जॉन बॉर्टल यांनी २००१ साली आकाशाच्या काळोखाचे नऊ वर्ग पाडले. त्यांतील पहिला वर्ग सर्वांत काळोखा; मुंबईचा मध्यभाग आठव्या-नवव्या वर्गात मोडतो. आकाशगंगेचा पट्टा तेथे दिसण्याचा प्रश्नच नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक नकाशासंग्रहाचा निष्कर्ष असा, की मानवजातीपैकी एकतृतीयांश लोकांना आपल्या राहत्या ठिकाणाहून आकाशगंगा दिसत नाही.

हा बदल किती जलद झाला, हे पुण्याच्या उदाहरणावरून कळते. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये प्रा. कावसजी नायगमवाला यांनी १८८८ साली महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभारली. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून आलेली तेथील वीस इंची परावर्तक दुर्बीण ही त्या काळी देशातील सर्वांत मोठी दुर्बीण होती. १९१२ साली वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली, ती नायगमवालांच्या निवृत्तीमुळे. पुण्याच्या आकाशाचा त्यात दोष नव्हता. पुढे त्याच पुण्यात १९८८ साली आयुका ही संस्था स्थापन झाली. तिला स्वतःची दोन मीटर व्यासाची दुर्बीण उभी करावयाची होती. ती २००६ साली कार्यान्वित झाली तेव्हा तिचे ठिकाण पुण्यापासून सुमारे ऐंशी किलोमीटर दूर गिरवलीला होते. ज्या शहराच्या मध्यभागी एकेकाळी देशातील सर्वांत मोठी दुर्बीण लावता येत होती, त्या शहरातून नव्या दुर्बिणीला डोंगर गाठावा लागला.

जे हरवत नाही

एवढे मान्य केल्यानंतर उरलेले अर्धे तथ्य सांगितले पाहिजे. शहराचा उजेड आकाशातील सर्व वस्तूंना सारख्याच प्रमाणात झाकीत नाही. जे अंधुक आणि पसरलेले आहे ते प्रथम जाते: आकाशगंगा, तेजोमेघ, दूरच्या दीर्घिका. जे तेजस्वी आणि रेखीव आहे, त्याला शहराच्या उजेडाने फारसा धक्का लागत नाही. चंद्र, शुक्र, मंगळ, गुरू, शनी, पहिल्या प्रतीचे तारे, जोडतारे, ग्रहणे आणि पिधाने या साऱ्या गोष्टी भर वस्तीतील गच्चीवरून दिसतात. खगोलशास्त्राच्या इतिहासातील पहिले मोठे शोध याच वस्तूंवर लागले, हे विसरता कामा नये. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये गुरूचे चार चंद्र पाहिले, ते सुमारे वीस पट मोठे दाखवणाऱ्या आणि आजच्या मानाने अगदी सदोष काचांच्या नळीतून. पन्नास मिलिमीटर व्यासाच्या भिंगांची साधी द्विनेत्री आज बाजारात मिळते. तिची भिंगे गॅलिलिओच्या भिंगांहून मोठी आणि स्वच्छ असतात. ती गच्चीच्या कठड्यावर स्थिर टेकवून धरली, तर गुरूच्या दोन्ही अंगांना एका रेषेत असलेले ते ठिपके दादरलाही दिसतात आणि डेक्कन जिमखान्यावरही दिसतात. दुसऱ्या रात्री त्यांच्या जागा बदललेल्या आढळतात. पृथ्वीभोवती न फिरणाऱ्या वस्तूही आकाशात आहेत, या शोधाने शतकानुशतकांची समजूत हलली. तो पुरावा आजही गच्चीवर विनामूल्य उपलब्ध आहे.

चंद्राचेही तसेच. पौर्णिमेचा चंद्र कवींना प्रिय असला, तरी निरीक्षकाच्या दृष्टीने तो सर्वांत निरस असतो. कारण त्या दिवशी त्याच्यावर सूर्य समोरून प्रकाशतो आणि सावल्या नाहीशा होतात. शुक्ल पक्षातील षष्ठीपासून दशमीपर्यंतचा चंद्र पाहावा. उजेड आणि काळोख यांच्या सीमारेषेवरील पर्वत व विवरे तेव्हा लांब सावल्या टाकतात. अष्टमीच्या सुमारास ॲपेनाइन पर्वतांची रांग उठून दिसते; नवमी-दशमीला त्र्याण्णव किलोमीटर व्यासाचे कोपर्निकस विवर सीमारेषेतून बाहेर येते. यासाठी काळोख लागत नाही. रस्त्यावरचा दिवा सरळ डोळ्यांत येऊ नये, इतकेच पुरेसे असते.

शहरातील तारे थोडे, म्हणून ते ओळखणे कठीण, असाही एक समज आहे. वस्तुतः परिस्थिती उलट आहे. काळोख्या माळरानावर प्रथमच गेलेल्या नवशिक्याला ताऱ्यांच्या गर्दीत ओळखीची आकृती सापडत नाही, हा आकाशदर्शनाच्या शिबिरांतील नेहमीचा अनुभव आहे. शहराने गर्दी हटवून मुख्य पात्रेच रंगमंचावर ठेवली आहेत. जानेवारी-फेब्रुवारीतील रात्री मृग नक्षत्र माथ्याकडे आले, की त्याच्या तीन ताऱ्यांची रेषा एका बाजूला वाढवून व्याध गाठावा आणि दुसऱ्या बाजूला वाढवून रोहिणी. मग व्याध, प्रश्वा, पुनर्वसू, ब्रह्महृदय, रोहिणी आणि राजन्य यांचा मोठा षट्कोन पुरा करावा. त्याच्या आत काक्षीचा तांबूस तारा असतो. एप्रिल-मे महिन्यांत सप्तर्षींच्या शेपटीचा बाक पुढे नेला की स्वाती येते आणि तोच बाक आणखी वाढवला की चित्रा. पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरच्या संध्याकाळी पश्चिमेच्या अंगाला अभिजित, हंस आणि श्रवण यांचा त्रिकोण दिसतो. एवढ्या तीन आकृत्या ज्याला पाठ झाल्या, त्याला शहरात दिसणाऱ्या बहुतेक ठळक ताऱ्यांचा पत्ता मिळाला.

चैत्राचे नाव चित्रेवरून, कार्तिकाचे कृत्तिकांवरून, माघाचे मघेवरून पडले, हे शाळेत सांगितले जाते. ते पाहिले मात्र जात नाही. कार्तिकी पौर्णिमेच्या आसपास चंद्र कृत्तिकांजवळ असतो, माघी पौर्णिमेच्या आसपास मघेजवळ. चंद्र दर रात्री सुमारे तेरा अंश पूर्वेकडे सरकतो आणि सव्वासत्तावीस दिवसांहून थोड्या अधिक काळात पुन्हा त्याच ताऱ्याशी येतो. सत्तावीस नक्षत्रांची कल्पना यातूनच निघाली. ज्या शिक्षकाने वर्गाला एका पंधरवड्यात रोज पाच मिनिटे चंद्राची जागा टिपावयास लावले, त्याला पंचांगातील नक्षत्र म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागणार नाही. नक्षत्र हा भविष्य सांगणाऱ्याच्या पोथीतील शब्द नसून आकाशातील एक ठिकाण आहे, हे त्या मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी कळलेले असेल. भोळ्या समजुतींविरुद्ध दिलेल्या दहा व्याख्यानांपेक्षा या पंधरवड्याचा उपयोग अधिक होईल.

दिवसाचे आकाशही विसरू नये. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य येथे बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. मुंबईला हा दिवस १५ मेच्या सुमारास येतो. वेळ दुपारी बारा नव्हे, तर साडेबारा वाजून गेल्यावर पाचएक मिनिटांनी. भारतीय प्रमाणवेळ आणि मुंबईची स्थानिक वेळ यांतील अंतर या एका सावलीवरून मोजता येते. दुसरा दिवस जुलैच्या अखेरीस असतो. मे महिन्यात शाळेला सुट्टी आणि जुलैत ढगांचे राज्य, ही अडचण खरीच; पण सोसायटीच्या आवारातील मुलांना सुट्टीत हा प्रयोग दाखवण्यास काही हरकत नसावी. सूर्याकडे मात्र साध्या डोळ्यांनी, द्विनेत्रीतून किंवा दुर्बिणीतून कधीही थेट पाहू नये. एका क्षणात दृष्टी जाऊ शकते. त्याची प्रतिमा कागदावर पाडून डाग पाहण्याची पद्धत जुनी, स्वस्त आणि सुरक्षित आहे.

दुर्बीण नंतर

नवा छंद लागला की प्रथम उपकरण घ्यावयाचे, ही मध्यमवर्गाची आता सवय झाली आहे. आकाशदर्शनाच्या बाबतीत ती विशेष घातक ठरते. चारशे-पाचशे पट मोठे दिसेल अशी जाहिरात करणाऱ्या लहान दुर्बिणी बाजारात मिळतात. दुर्बिणीच्या भिंगाच्या व्यासाला, दर मिलिमीटरला फार तर दोन पट, एवढेच विवर्धन उपयोगी पडते, असा ढोबळ नियम आहे. साठ मिलिमीटर भिंगाच्या दुर्बिणीतून एकशेवीस पटींच्या पलीकडे मिळते ते केवळ मोठे झालेले धूसर चित्र. त्यात तिचा तिवई स्टँड हलका. वाऱ्याच्या झुळकीने गुरू नाचू लागतो. दोन रात्रींच्या मनस्तापानंतर ती दुर्बीण कपाटावर चढते आणि तिच्याबरोबर छंदही चढतो. पगारातून पैसे बाजूला काढून मुलासाठी दुर्बीण आणणाऱ्या पालकाला हे कोणी आधी सांगितले असते, तर त्याचे पैसे आणि मुलाचा उत्साह दोन्ही वाचले असते.

योग्य क्रम निराळा आहे. पहिले काही महिने फक्त डोळे, एक तारकानकाशा आणि एक वही. गच्चीवर गेल्यावर निदान वीस मिनिटे मोबाइलचा पडदा पाहू नये. अंधाराला सरावण्यास डोळ्यांना तेवढा वेळ लागतोच. नकाशा पाहावयास विजेरीवर लाल कागद बांधावा. अंधुक वस्तूकडे सरळ न पाहता किंचित बाजूला पाहावे, म्हणजे ती अधिक स्पष्ट होते. जवळचा दिवा पाण्याच्या टाकीआड किंवा जिन्याच्या खोलीआड येईल अशी जागा शोधावी. पावसाने हवा धुऊन काढल्यानंतरच्या, धुरके साचण्यापूर्वीच्या रात्री सोडू नयेत. माथ्यावरचे आकाश नेहमीच क्षितिजाजवळच्या आकाशापेक्षा बरे असते. म्हणून जे पाहावयाचे ते माथ्यावर येईपर्यंत वाट पाहावी. त्यानंतर सात किंवा दहा पट विवर्धनाची, पन्नास मिलिमीटरची द्विनेत्री घ्यावी. शहरात कृत्तिका डोळ्यांना धुरकट पुंजक्यासारख्या दिसतात, कधी तेवढ्याही नाहीत. द्विनेत्रीतून तेथे कित्येक तारे उघड होतात. मृगाच्या तलवारीतील तेजोमेघाचा फिकट डाग शहरातूनही सापडतो. एवढे झाल्यानंतरही हौस टिकली, तर मग दुर्बीण, आणि तीसुद्धा आधी कोणाच्या तरी दुर्बिणीतून पाहिल्यावर.

ते 'कोणीतरी' शोधणे महाराष्ट्रात अवघड नाही. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ साली स्थापन झाली. हौशी खगोलप्रेमींची ती देशातील सर्वांत जुनी संस्था मानली जाते. मुंबईत नेहरू तारांगण १९७७ पासून आहे. १९८६ सालच्या हॅलेच्या धूमकेतूच्या निमित्ताने अनेकांची मने आकाशाकडे वळली. त्याच सुमारास सुरू झालेले मुंबईचे खगोल मंडळ वांगणीसारख्या ठिकाणी रात्रभराच्या आकाशदर्शनाचे कार्यक्रम घेत आले आहे. अशा मंडळांत दिवसा कारकुनी करणारा आणि रात्री दुर्बिणीचा आरसा घासणारा माणूस भेटतो, कॉलेजातील विद्यार्थी भेटतो आणि निवृत्त शिक्षकही भेटतो.

शिक्षकांचा उल्लेख येथे सहज आलेला नाही. भारतीय ज्योतिषशास्त्राचा आद्य इतिहास १८९६ साली मराठीत लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित हे पेशाने शिक्षक होते. सामान्य वाचकाला आकाशाची ओळख व्हावी म्हणून त्यांनी लिहिलेले 'ज्योतिर्विलास' हे पुस्तक मराठीतील या विषयावरच्या वाङ्मयाचे एक मूळ म्हणावे लागेल. 'ज्योतिर्गणित'कार व्यंकटेश बापूजी केतकर हेही शिक्षकच. त्यांच्यापैकी कोणाहीजवळ मोठी वेधशाळा नव्हती. त्यांच्याजवळ वेळ काढण्याची चिकाटी होती आणि पाहिलेले लिहून ठेवण्याची शिस्त होती.

नोंदवहीचे मोल

हौशी निरीक्षक आणि प्रेक्षक यांत फरक करावयाचा तो या शिस्तीने. प्रेक्षक आकाश पाहतो आणि विसरतो; निरीक्षक तारीख, वेळ, ठिकाण आणि आकाशाची स्थिती लिहितो. शहरातून अशी नोंद निरुपयोगी असते असे नाही. २०१९ च्या अखेरीस काक्षीचा तारा मंदावू लागला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये तो रोहिणीहूनही फिका झाला. नंतर संशोधकांनी त्याचे कारण ताऱ्याने बाहेर टाकलेल्या धुळीत शोधले. हा सर्व प्रकार मुंबईच्या गच्चीवरून नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. जवळच्या ताऱ्यांशी तुलना करून दर आठवड्याला एक ओळ लिहिणाऱ्या विद्यार्थ्याजवळ आज एका दुर्मीळ घटनेचा स्वहस्ते काढलेला आलेख असता. ययाती तारकासमूहातील अल्गॉल हा तारा दर दोन दिवस, वीस तास आणि एकोणपन्नास मिनिटांनी मंदावतो, कारण त्याचा अंधुक जोडीदार त्याच्या आड येतो. ठरलेल्या वेळी तो फिका पडतो की नाही, हे पाहण्यासाठी घड्याळ आणि डोळे पुरतात. २१ डिसेंबर २०२० रोजी गुरू आणि शनी एकमेकांपासून अंशाच्या दशांशाइतके जवळ आले. तेही शहरातून दिसले. मार्च २०२५ मध्ये शनीची कडी पृथ्वीवरून पाहता धारेवर आली होती. आता ती पुन्हा उघडू लागली आहेत आणि २०३२ च्या सुमारास पुरती उघडतील. आज सहावीत असलेल्या मुलाने दर वर्षी लहान दुर्बिणीतून शनीचे एक चित्र काढले, तर महाविद्यालय सोडण्यापूर्वी शनीच्या अक्षाचा कल त्याने पुस्तकाविना जाणलेला असेल.

याहूनही महत्त्वाची एक नोंद आहे, आणि ती शहरातूनच व्हावयास हवी. २०११ ते २०२२ या काळात जगभरातील सामान्य लोकांनी नुसत्या डोळ्यांनी केलेल्या पन्नास हजारांहून अधिक निरीक्षणांचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. आपल्या आकाशात कोणते तारे दिसतात आणि कोणते नाहीत, एवढेच त्या लोकांनी कळवले होते. त्यावरून असे दिसले, की आकाशाचा कृत्रिम उजेड सरासरीने दर वर्षी जवळजवळ दहा टक्के वाढत आहे. ज्या जागी मूल जन्मले तेव्हा अडीचशे तारे दिसत होते, तेथे ते अठरा वर्षांचे होईपर्यंत शंभर उरतील, असा त्याचा अर्थ. उपग्रहांच्या मोजमापात ही वाढ इतकी दिसत नव्हती, कारण नव्या पांढऱ्या दिव्यांतील निळसर प्रकाश त्या उपकरणांना नीट टिपता येत नाही. जे उपग्रहाला दिसले नाही ते गच्चीवरच्या माणसाला दिसले. मात्र त्या निरीक्षणांपैकी बहुतेक युरोप आणि उत्तर अमेरिकेतील होती. भारतीय शहरांचे आकाश कोणत्या वेगाने उजळत आहे, हे सांगावयास येथील माणसांच्या नोंदी हव्यात. आणि त्यासाठी मृगातील तारे मोजता येणे एवढीच पात्रता लागते.

काळोखाची मागणी

येथे प्रश्न छंदापुरता राहत नाही. आकाशात जाणारा उजेड हा बहुतांशी वाया गेलेला उजेड असतो. रस्त्यावर पडावयाचा प्रकाश वर आणि आडवा फेकणारे दिवे, रात्रभर जळणारे जाहिरातफलक, मोकळ्या मैदानांवरचे तिरपे झोत, इमारतींच्या दर्शनी भागांची रोषणाई. हा सारा प्रकाश हवेतील धूळ, धूर व बाष्प यांवरून विखुरतो आणि शहरावर एक छत धरतो. रस्त्यांवर एलईडी दिवे लावण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१५ साली सुरू झाला. त्याने वीज वाचली, हे निर्विवाद. परंतु निळसर पांढरा प्रकाश जुन्या पिवळ्या सोडियम दिव्यांच्या प्रकाशापेक्षा हवेत अधिक विखुरतो. दिवसाचे आकाश ज्या कारणाने निळे दिसते, त्याच कारणाने. दिवा निवडताना युनिट किती वाचतील, हे पाहिले गेले. प्रकाशाचा रंग आणि रोख यांकडे तेवढे लक्ष गेले नाही.

या मागणीवर एक आक्षेप रास्तपणे घेतला जाईल. रात्रपाळीहून परतणाऱ्या स्त्रीला उजेडाचा रस्ता हवा; ताऱ्यांसाठी तो काळोखात लोटावयाचा काय? मुळीच नाही. मागणी दिवे विझवण्याची नसून ते खाली वळवण्याची आहे. डोळ्यांत घुसणारा झगझगीत दिवा पादचाऱ्याला आंधळे करतो आणि त्याच्या खांबामागचा अंधार अधिक गडद करतो. वरून झाकलेला, पिवळसर प्रकाशाचा दिवा रस्ता उजळतो आणि आकाश सोडून देतो. रस्ता सुरक्षित करणे आणि आकाश वाचवणे यांत विरोध नाही. विरोध आहे तो बेफिकीर उधळपट्टीशी. अमेरिकेतील फ्लॅगस्टाफ शहराने तेथील वेधशाळेसाठी १९५८ सालीच झोतदिव्यांवर निर्बंध घातले आणि २००१ साली त्याला काळोख्या आकाशाचे पहिले शहर म्हणून मान्यता मिळाली. फ्रान्समध्ये २०१३ पासून रात्री एकनंतर दुकानांच्या दर्शनी काचांतील दिवे विझवण्याचा नियम आहे. भारतात ध्वनिप्रदूषणासाठी २००० साली देशव्यापी नियम झाले. प्रकाशासाठी तसे नियम अद्याप झालेले नाहीत.

महाराष्ट्राला याचा अगदीच अनुभव नाही, असेही नाही. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला काळोख्या आकाशाचे उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. देशातील ते पहिले. त्यासाठी आसपासच्या गावांतील रस्त्यांवरचे दिवे खाली तोंड करणारे बसवण्यात आले. गावे काळोखात गेली नाहीत. त्याहूनही जुने उदाहरण खुद्द मुंबईचे आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे अखंड चालू होती. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेच्या ट्राम आणण्याचे ठरले. त्यांच्या प्रवाहाने ही मोजमापे बिघडणार होती. ट्राम १९०७ साली सुरू झाल्या. परंतु त्याआधीच, १९०४ साली, डॉ. नानाभाई मूस यांच्या प्रयत्नाने अलिबागेस नवी चुंबकीय वेधशाळा उभी राहिली होती आणि काही काळ दोन्हीकडे समांतर नोंदी घेऊन परंपरा तुटू दिली गेली नाही. शहर वाढणार, हे गृहीत धरूनही त्याची किंमत कोणी आणि कशी द्यावयाची, याचा विचार त्या पिढीने आधी केला होता. आजच्या नगरपालिकांकडून याहून अधिक अपेक्षा नाही.

अपेक्षा मोजक्या आहेत. नव्याने लागणारा प्रत्येक रस्त्यावरचा दिवा वरून झाकलेला आणि पिवळसर प्रकाशाचा असावा. जाहिरातफलकांना रात्री अकरानंतर विश्रांती द्यावी. शाळेची गच्ची, जी एरवी कुलूपबंद असते, महिन्यातून एकदा शुक्ल अष्टमीच्या संध्याकाळी उघडावी. चंद्र त्या वेळी माथ्याकडे असतो आणि मुलांना घरी परतण्यास उशीर होत नाही. जिल्हा ग्रंथालयांनी पुस्तकांप्रमाणे द्विनेत्रीही वाचकांना घरी द्यावी. यांपैकी कोणत्याही गोष्टीला मोठा निधी लागत नाही.

मात्र या मागण्या करणार कोण? नदी गढूळ झाली तर काठावरचा माणूस ओरडतो, कारण तो रोज ती पाहतो. आकाश रोज पाहणारा माणूस शहरात उरला नाही, म्हणून आकाश गेल्याची तक्रारही कोणी दाखल करीत नाही. लग्नात वधूवरांना ध्रुव आणि अरुंधती दाखवण्याचा विधी अजून केला जातो. मंगल कार्यालयाच्या दारात उभे राहून उत्तरेकडे बोट केले जाते आणि दोघे हसून मान डोलावतात. ध्रुव मुंबईला क्षितिजापासून अवघा एकोणीस अंश वर असतो. तो इमारतींच्या आणि धुरक्याच्या मागे गेला आहे. चौथ्या प्रतीची अरुंधती दिव्यांत बुडाली आहे. न दिसणारी वस्तू दिसली असे म्हणण्याची सवय झाली की ती परत मागण्याची इच्छाही मरते. म्हणूनच शहरातील नवशिक्या निरीक्षकाचे महत्त्व त्याला दिसणाऱ्या ताऱ्यांच्या संख्येवर अवलंबून नाही. वसिष्ठाशेजारी द्विनेत्रीतून अरुंधती सापडल्यावर ती नुसत्या डोळ्यांना का दिसत नाही, असा प्रश्न त्याला पडेल. आणि तो प्रश्न घेऊनच कोणीतरी एक दिवस नगरपालिकेच्या कचेरीत जाईल.

तोपर्यंत आरंभ करण्यास पुढची संकष्टी पुरेशी आहे. चंद्र उगवल्याची खबर आणण्यासाठी गच्चीवर गेलेल्या मुलाला लगेच खाली बोलावू नये. त्याला आणखी वीस मिनिटे तेथे राहू द्यावे, आणि शक्य तर घरातील वडील माणसानेही त्याच्याबरोबर राहावे. ताट तेवढा वेळ थांबेल.